कार्बनची सुरुवात पिशवीच्या गाठीपासून

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या बाजूच्या एका गावातून प्रश्न आलाय. विचारणाऱ्या ताई ग्रामपंचायतीवर पहिल्यांदाच निवडून आल्यात. गावात हजारेक घरं. कचरा नाल्याच्या काठावर पडतो आणि आठवड्यातून दोनदा कोणीतरी त्याला काडी लावतं. तालुक्याच्या बैठकीत ‘कार्बन कमी करा’ असं सांगितलं गेलं. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, म्हणतात, सोलरचा प्रस्ताव पाठवू. ताईंचं म्हणणं असं की पंचायत आणि गावकरी मिळून खरोखर काय करू शकतात, आणि हात कुठे घालायचा आधी?

ताई, बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागात कचरा आणि पाणी या दोनच विषयांत माझी बावीस वर्षं गेली. त्या जोरावर सांगते, सोलरचा कागद थोडा बाजूला ठेवा. आधी ओला कचरा ढिगावर जायचा थांबवा. तुमच्यासारख्या गावात पंचायतीच्या हातात असलेला सगळ्यात मोठा कार्बन तिथे आहे आणि त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही.

हे कसं, ते आकड्यात बघू. भाजीची देठं, शिळा भात, सालं, चहाचा चोथा हे सगळं ढिगात दाबलं गेलं की आत हवा पोचत नाही. हवेवाचून कुजलं की मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७ पट जास्त तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटीच्या आसपास. एक टन स्वयंपाकघरातला ओला कचरा नाल्याकाठच्या उथळ ढिगात गेला, तर त्याचा मिथेन अंदाजे अर्ध्या टन कार्बन डायऑक्साइडइतका भरतो. तोच कचरा खोल, उंच ढिगात गेला तर एक टनापर्यंत.

आता तुमचं गाव धरा. ज्यांच्या दारात म्हैस किंवा गाय आहे, त्यांची सालं जनावराच्या घमेल्यात जातात, त्यांना सोडून द्या. उरलेली सहाशे घरं समजू. घरामागे दिवसाला पाऊण किलो ओला कचरा म्हटला तर रोजचा साडेचारशे किलो, वर्षाचा दीडशे टनांच्या वर. म्हणजे उथळ ढिगाचा हिशेब धरला तरी वर्षाला ८० टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. आणि छतावरचं एक किलोवॅट सोलर? ते वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं. आपल्या ग्रिडची वीज युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे एक किलोवॅटमागे वर्षाला एक टन वाचतो. ओल्या कचऱ्यातून जे वाचेल ते सोलरमधून वाचवायचं तर ८० किलोवॅट लागेल. पंचायतीच्या छतावर पाच मावले तरी पुष्कळ झालं. पाऊण किलो हा माझा अंदाज आहे. तुमचा आकडा तुम्हीच तोलून काढायचा, ते पुढे सांगते.

हे सगळं अडतं कुठे ते एका सकाळी मला नीट दिसलं. बेळगावच्या शहापूर भागातल्या एका गल्लीत कचरागाडीबरोबर चालत होते. गाडीवरची बाई, तिला सगळे अक्का म्हणायचे, दर घरातून एक पातळ कॅरीबॅग घ्यायची. प्रत्येक पिशवीला गाठ, तीही दोनदा मारलेली. कारण वास येऊ नये, मुंग्या लागू नयेत. अक्का गाडीच्या फळीवर पिशवी ठेवायची, नखाने गाठ सोडवायची, नाही सुटली तर फाडायची. आतून कोथिंबिरीच्या काड्या, भात, दुधाची पिशवी, दाढीचं ब्लेड, वापरलेला पॅड, सगळं एकाच रश्शात भिजलेलं. तिचा हातमोजा फक्त उजव्या हातात होता. तीन मिनिटांत चार पिशव्या झाल्या आणि पुढच्या गल्लीतून शिट्टीची हाक आली. उरलेल्या पिशव्या तिने गाठीसकट मागे फेकल्या. त्या गाठीसकटच ढिगावर जातात. त्यांतला भात पिशवीतच कुजतो, आणि पिशवीत कुजणं म्हणजे मिथेन.

तेव्हापासून मी पहिली अट तीच घालते: ओल्याला पिशवी नको आणि पिशवी नको म्हणजे गाठ नको. घरातून डबा यावा, तो गाडीतल्या पिंपात उपडा व्हावा आणि रिकामा परत घरात जावा. डब्याच्या तळाला वर्तमानपत्राचा एक कागद घातला की तो चिकटत नाही, धुवायलाही सोपं. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून कचरा घरातच वेगळा करून देणं बंधनकारक आहे, पण नियम वाचून दाखवून कोणाचा हात बदलत नाही. हात बदलतो तो अक्काने मिसळलेला डबा शांतपणे परत केल्यावर. ते परत करायचं धाडस तिला तेव्हाच होतं, जेव्हा सदस्य तिच्या शेजारी उभा असतो. म्हणून पहिले पंधरा दिवस रोज सकाळी तुम्हाला गाडीबरोबर चालावं लागेल. याला दुसरा पर्याय मला आजवर सापडला नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. गावात मराठी, गाडीवर बहुतेक वेळा कन्नड. ‘हसी कस’ म्हणजे ओला कचरा, ‘ओण कस’ म्हणजे सुका, एवढे दोन शब्द घराघरात माहीत असू द्या. आणि फलक दोन्ही भाषांत लावा. हिरवा डबा ओल्याला, निळा सुक्याला हे रंग मात्र कोणालाच शिकवावे लागत नाहीत. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल खूण करायची, म्हणजे ती पुडी कोणी उघडत नाही.

आता खताकडे येते. इथेच बहुतेक गावं हरतात आणि मीही एकदा हरले आहे. खानापूर तालुक्यातल्या एका गावात आम्ही मे महिन्यात खतशेड उभी केली. पहिला महिना सुरेख गेला, ढीग तापला, वाफ निघाली, लोक बघायला यायचे. जुलैत पाऊस लागला. वरून पत्रा होता, पण बाजू उघड्या होत्या आणि आपला पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो. चार दिवसांत ढिगाचा चिखल झाला, काळं पाणी रस्त्यावर आलं, शेजारच्या घरात वास शिरला. गावाने शेडला टाळं लावलं आणि ते बरोबरच होतं. चूक माझी. पाऊस येणार हे माहीत असताना मी कोरडा माल साठवला नव्हता.

खताचं सगळं गणित त्या कोरड्या मालात आहे. एक घमेलं ओला कचरा, तर एक घमेलं कोरडा माल. आपल्या भागात तो फुकटासारखा मिळतो: भाताच्या गिरणीतलं तूस, वाळलेला पालापाचोळा, सुतारशाळेतला लाकडाचा भुसा, गुऱ्हाळाजवळची बारीक चिपाडं. पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, मात्र मागू नका. ती आपल्याकडे वैरण आहे, जनावराच्या तोंडातून काढून खतात घालणं कोणी मान्य करणार नाही. एप्रिल-मेमध्ये चार महिन्यांचं तूस पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवा. शेडच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला भिंत किंवा झडप हवीच. ओल किती असावी, हे बघायला मूठभर माल घट्ट दाबायचा. एखाद-दुसरा थेंब निघाला तर ठीक. धार लागली तर तूस घाला, काहीच निघालं नाही तर शेणकाला शिंपडा.

टाकी कोणती, असं विचाराल. विटांची जाळीदार नाडेप टाकी चांगली चालते. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ती शोधली, त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं. साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोकं. मूळ पद्धतीत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर असतात. नुसता स्वयंपाकघरातला कचरा भरला तर ती गाळाची टाकी होईल, म्हणून वरचं निम्म्या-निम्म्याचं प्रमाण सोडू नका. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं आणि चार-पाच किलो कचऱ्याचं एक किलो उरतं.

पण ताई, ज्यांना परडं आहे त्यांचा कचरा शेडपर्यंत आणूच नका. परड्यात झाडाच्या सावलीत दोन खड्डे, एक भरत असताना दुसरा मुरतो. रोजच्या कचऱ्यावर दोन मुठी माती किंवा तूस, आठवड्यातून एकदा खालीवर. यात गाडीचं डिझेलही वाचतं आणि एक लिटर डिझेल जळालं की २.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. निम्मी घरं परड्यात मुरवायला लागली की गाडीची एक फेरी कमी होते. शेड छोटी राहिली तर ती टिकते.

खत विकलं जाईल का, ही काळजी तुमच्या गावाला नको. तुमच्याकडे बासमती आहे आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा घेणारे शेतकरी आहेत. त्यांना शेणखत पुरत नाही, हे ते स्वतः सांगतात. फक्त खतात काच, बॅटरी आणि प्लास्टिकचे तुकडे नकोत. शेतात गुडघ्याएवढ्या चिखलात रोप लावणाऱ्या बाईच्या पायात एकदा काच गेली, की पुढची दहा वर्षं त्या गावात तुमचं खत कोणी उचलणार नाही. चाळून द्या आणि पहिला ढीग माती परीक्षणवाल्यांकडून तपासून घ्या.

सुक्या कचऱ्यात वेळ कमी लागतो, कारण भंगारवाला अर्धं काम करतो. पुठ्ठा, बाटल्या, लोखंड, जाड प्लास्टिक विकलं जातं. राहतात ती चकचकीत पाकिटं, कुरकुऱ्यांची, शॅम्पूची. ती सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत इंधन म्हणून जातात, पण गठ्ठा बांधून आणि गाडीभर जमल्यावर. एकट्या गावाला ते जमत नाही, म्हणून शेजारच्या चार-पाच पंचायतींनी मिळून एकच शेड करावी. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तुटलेला कोपरा कोणीच गोळा करू शकत नाही, तो थेट गटारात जातो. आणि काडी लावणं त्याच दिवशी बंद करा. धुरातली काजळी हवा तापवते, आणि पीव्हीसी जळालं की डायॉक्सिनसारखं विष निघतं. ते आधी शेजारच्या घरातल्या लहान मुलाच्या छातीत जातं, मग हवेत.

कर्नाटकातल्या ग्रामपंचायतींत ‘स्वच्छ वाहिनी’ या गाड्या संजीवनी बचत गटांच्या बायका चालवतात. तुमच्याकडे गाडी असेल तर गटाशी लेखी करार करा आणि महिन्याचं मानधन ठरल्या तारखेला द्या. मी पाहिलेल्या बंद पडलेल्या गाड्यांपैकी बहुतेक मानधन थकल्यामुळे बंद पडल्या होत्या. डिझेल किंवा टायर हे कारण क्वचितच होतं.

जत्रेचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे लक्ष्मीची जत्रा म्हणजे घरटी पन्नास-शंभर पाहुणे, चार दिवस. थर्माकोलच्या ताटांचे आणि प्लास्टिकच्या पेल्यांचे ढीग नाल्यात जातात. एकदाच वापरायच्या प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताट-पेल्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, पण पर्याय हाताशी नसेल तर बंदी कागदावरच राहते. महिला मंडळाला स्टीलची हजार ताटं, वाट्या, पेले घेऊन द्या. भाडं नाममात्र, हरवल्यास भरपाई. लग्न, बारसं, तेरावं, सगळीकडे तीच भांडी. घासायला गटातल्या बायकांना रोजगार मिळतो. देवस्थान पंच मंडळींना आधी विश्वासात घ्या. जत्रेत त्यांचा शब्द पंचायतीच्या ठरावापेक्षा जड असतो.

यानंतर वीजबिल. यात कार्बन कचऱ्यापेक्षा कमी, पण पैसा वाचतो आणि तोच पैसा वर सांगितलेल्या मानधनाला लागतो. हेस्कॉमची, म्हणजे आपल्या वीज कंपनीची, बारा महिन्यांची बिलं काढा. त्यात दोनच मोठे आकडे दिसतील, पाणी आणि पथदीप. जुनी ४० वॅटची ट्यूब चोकसकट ५० च्या वर ओढते, तिथे २० वॅटचा एलईडी पुरतो. शंभर खांब, रोज बारा तास, खांबामागे ३० वॅट वाचले तर वर्षाला १३ हजार युनिट वाचले. एलईडी आधीच लावले असतील, तर सकाळी नऊ वाजता गावातून चक्कर मारा. किती दिवे अजून जळतायत ते मोजा. बटण बंद करणारा माणूस शेतात गेलेला असतो. टायमर बसवला की प्रश्न संपतो.

पाण्याचंही तसंच. तोटी नसलेला नळ म्हणजे नुसतं पाणी जात नाही, वीज जाते. साडेसात एचपीची मोटर तासाला सातेक युनिट खाते. गळती आणि उघडे नळ बंद करून मोटर रोज दोन तास कमी चालली, तर वर्षाला ५ हजार युनिट वाचतात. शहराच्या बाबतीत हे आणखी खरं आहे. बेळगावला हिडकल धरणाचं पाणी वर चढवून आणावं लागतं. हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला चांगल्या पंपालाही ०.४ युनिट लागतं. गल्लीत फुटलेला पाइप आठवडाभर तसाच राहिला की तितकी वीज गटारातून वाहून जाते.

आता सोलर. घरांवर बसवायला पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तीला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण २०२३ पासून राज्य सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळे महिना २०० युनिटपर्यंतच्या बहुतेक घरांना बिलच येत नाही. अशा घराला सोलर घ्या म्हणणं मला पटत नाही. त्यांचे पैसे सुटणार नाहीत. जास्त बिल येणारी घरं, पिठाची गिरणी, यंत्रमाग, दूध संकलन केंद्र, मंगल कार्यालय, ज्यांचा वापर दिवसाउजेडी आहे, त्यांच्याकडे आधी जा. पंचायतीने छतावर सोलर बसवायचंच असेल, तर दिवसा चालणाऱ्या पाण्याच्या मोटरीशी जोडता येईल का ते हेस्कॉमला विचारा. नुसत्या कार्यालयाच्या पंख्यांसाठी नको. पावसाळ्यात उत्पादन निम्म्यावर येतं, हे ग्रामसभेत आधीच सांगून ठेवा.

ज्यांच्याकडे चार-पाच जनावरं आहेत, त्यांच्यासाठी गोबरगॅस अजूनही उत्तम. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागतं आणि चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. खानापूरच्या जंगलकडेच्या गावात तर बायकांच्या डोक्यावरचा लाकडाचा भारा उतरतो. मला ते टनांच्या हिशेबापेक्षा मोठं वाटतं.

चिकोडी, हुक्केरी, निपाणीकडच्या वाचकांसाठी उसाचं थोडक्यात. तोडणीनंतर हेक्टरी आठ-दहा टन पाचट राहतं आणि ते पेटवलं जातं. ते सरीत दाबून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जीवाणू टाकले तर ते जागेवरच कुजतं, तण कमी होतं, एखाद-दोन पाण्याच्या पाळ्याही वाचतात. पंचायतीने पाचट कुट्टी यंत्र भाड्याने उपलब्ध केलं तर काडी आपोआप मागे पडते.

बेळगाव शहरातल्या नगरसेवकांना एवढंच सांगते: तुमच्या ५८ वॉर्डांचा कचरा शेवटी तुरमुरीला, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी गावाला जातो. हॉटेलं, वसतिगृहं, मंगल कार्यालयं, ज्यांचा कचरा दिवसाला शंभर किलोच्या वर आहे, त्यांनी ओला कचरा स्वतःच्या आवारात जिरवावा, एवढं जरी तुम्ही पाळायला लावलं तरी तुरमुरीच्या गाड्या कमी होतील. गणपतीत कपिलेश्वर तलावाजवळ निर्माल्याला वेगळी कुंडं ठेवा, फुलांतून दोरा आणि चमकी काढून टाका. त्याचं खत फार चांगलं होतं.

ताई, येत्या सोमवारी सकाळी एकच गल्ली घ्या, वीस घरं. आदल्या संध्याकाळी प्रत्येक घरी जाऊन सांगा, उद्या पिशवी नको, डबा द्या. गुळाच्या किंवा बटाट्याच्या व्यापाऱ्याकडून लटकता काटा मागून आणा. ओलं वेगळं तोला, सुकं वेगळं, लाल खुणेचं मोजा. शाळेची शंभर पानी वही पुरेल: तारीख, घर, ओलं, सुकं, मिसळलेलं. सात दिवस रोज. आठव्या दिवशी ती वही घेऊन पीडीओंकडे जा आणि शेडची जागा, तुसाची पोती आणि गटाचा करार एवढंच मागा. वहीतल्या आकड्यांत काही अडलं तर ते मला पाठवा, आपण बसून बघू.